अबू फहद, तू हो म्हणाला होतास ना?

अबू फहद, हे मी मराठीत लिहितोय. तुला वाचता येणार नाही आणि तुझ्या घरच्यांनाही नाही, म्हणूनच मराठीत. तुझ्याशी मी दुकानात शिकलेल्या मोडक्या अरबीत बोलायचो, तू माझ्याशी शाळामास्तरी इंग्रजीत. त्यात दोघांचंही निम्मंशिम्मं मनातच राहायचं. आता राहिलेलं मला माझ्या भाषेत बोलू दे. आणि अरबीत लहानथोर सगळ्यांना एकच 'तू' असतो, ती सवय इतकी अंगात मुरलीय, की वयाने एवढा थोरला असूनही तुला 'तुम्ही' म्हणायला माझी जीभ वळत नाही. रागावू नकोस.

एक प्रश्न आहे. तो आधीच विचारून टाकतो, म्हणजे माझ्या जिवाला काय घोर लागलाय ते तुला कळेल. तुझी लेक मुनीरा त्या मुलाला द्यायची की नाही, याचं उत्तर तू कुणालाच न देता गेलास. तुझ्यामागे ते उत्तर मी दिलं. तुझ्या नावाने दिलं. बरोबर दिलं की चूक, हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो आता मातीखाली आहे.

तू गेलास त्या दुपारी मी एका दंतवैद्याच्या पाटीचं काम करत बसलो होतो. तुझ्या मुलाचा, फहदचा फोन आला. जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत म्हणाला. तुमच्याकडे माणूस गेल्यावर वेळ काढत नाहीत. दुसऱ्याच दिवशी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दफन. मी कबरस्तानच्या भिंतीपाशी उभा होतो. परक्या धर्माच्या माणसाने आत कुठवर जावं कळेना. फहदने लांबूनच हात केला, तेव्हा गेलो. मातीचा उंचवटा, उशाशी एक साधा दगड, दगडावर अक्षर नाही. तुमच्याकडे कबरीवर नाव लिहीत नाहीत, हे तूच मला सांगितलं होतंस. पण ऐकलेलं वेगळं आणि बघितलेलं वेगळं. अख्ख्या रियाधच्या आजे-पणज्यांची नावं ज्याने तोंडपाठ ठेवली, त्याच्या उशाशी कोरा दगड. शेजारच्या माणसाने माझ्यासाठी जागा करून दिली, मी मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो.

आपली ओळख भांडणातून झाली, आठवतं? अल मलाझमधलं ते छपाईचं दुकान तुझ्या धाकट्या भावाचं, अबू तुर्कीचं. तो माझा कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर मी या देशात राहतो तो मालक, आणि मी त्याचा डिझायनर. लग्नपत्रिका, पाट्या, कॅलेंडरं सगळं करायचो. पण दुकानाचं खरं नाव झालं ते शजऱ्यांमुळे. शजरा म्हणजे झाड. घराण्याचं झाड. बुंध्यात मूळपुरुष, फांद्यांवर त्याची मुलं, डहाळ्यांवर नातवंडं, आणि शेवटी पानापानावर आजची माणसं. भिंतभर मोठं छापून बैठकीच्या खोलीत लावायचं. तुझ्या घराण्याचं झाड करायला माझ्याकडे आलं, तर मजकुरात होतं, साद बिन मुहम्मद बिन साद बिन मुहम्मद; बिन म्हणजे मुलगा. मला वाटलं, टाइप करणाऱ्याने चुकून दोनदा चिकटवलंय. मी आपलं शहाणपण करून पुढचे दोघे उडवले. झालं! दुसऱ्या दिवशी तू दारात. अंगात पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात काठी, नाकाच्या शेंड्यावर राग.

"माझे पणजोबा कुठे आहेत?" तू विचारलंस.

मला वाटलं, म्हातारबाबा पत्ता चुकलेत. मग तू झाडावर काठी टेकवलीस. "इथे होते. आता नाहीत. नातवाला आजोबाचं नाव देतात, एवढं तुला माहीत नाही? तुमच्याकडे काय करतात?"

"आमच्याकडेही आजोबाचंच देतात," मी म्हटलं.

"मग?"

मग काय? मी उठलो आणि तुझ्यासाठी चहा सांगितला. चहा पिता पिता तू विचारलंस, हिंदी माणसाला हे वंशाचं काम कसं काय जमतं. तेव्हा मी सांगितलं की माझे आजोबा नाशिकला गोदावरीच्या घाटावर उपाध्ये होते. बाहेरगावचा माणूस आला की त्याचं गाव आणि आडनाव विचारायचं, त्या गावाची चोपडी काढायची आणि त्याच्या खापरपणजोबाचं नाव त्यालाच वाचून दाखवायचं. माणसं तिथल्या तिथे रडायची. तू काठी भिंतीला लावलीस आणि खुर्ची ओढलीस. म्हणालास, "सगळं नीट सांग." श्रीकांत हे नाव तू त्याच दिवशी नाकारलंस. मुलाचं नाव विचारलंस आणि मला अबू रोहन करून टाकलंस, रोहनचा बाप. माझी बायको सुलभा घरी ऐकून म्हणाली, "बरंय, म्हणजे माझ्या बाळंतपणाचं श्रेयही तुलाच."

तेव्हापासून अस्रनंतर तुझी फेरी ठरलेली. तू निवृत्त इतिहासमास्तर, आणि मास्तरकी काही सुटत नव्हती. तुझ्यासाठी सगळे अरब दोन म्हाताऱ्यांची पोरं. दक्षिणेकडचे, येमेनच्या बाजूचे, ते कहतानचे. उत्तरेकडचे ते अदनानचे. मी कंटाळून विचारायचो, "आणि या दोघांच्या मागे कोण?" तर तुझा हात वर. "थांब. अदनानपासून मागे इस्माईलपर्यंत मधली नावं कुणालाच नक्की ठाऊक नाहीत. शहाणा माणूस अदनानपाशी थांबतो." मग कबिला, कबिल्याची पोटशाखा, पोटशाखेचं घराणं, घराण्याचं घर, असं उतरत उतरत तू माझ्यापर्यंत यायचास आणि चहा गार व्हायचा.

आडनावांवरून तर आपण किती हसायचो! तुझं आडनाव वेगळं आणि तुझ्या सख्ख्या भावाचं वेगळं. मी आधी समजलो होतो, सावत्र असशील. तर तू सांगितलंस, सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा तू एका कचेरीत गेलास, अबू तुर्की दुसऱ्या. तुला कारकुनाने विचारलं, "कुणाच्या घरातला?" तू पणजोबाचं नाव सांगितलंस, तेच 'आल', म्हणजे घराणं, लावून तुझं आडनाव झालं. त्याला विचारलं, "कुठल्या कबिल्याचा?" त्याने कबिला सांगितला, त्याचं ते झालं. एकाच आईच्या कुशीतले दोघे भाऊ, आणि कागदावर एकमेकांचे कुणी नाहीत. "विमानतळावर आम्हाला दर वेळी सिद्ध करावं लागतं," असं म्हणून तू पोट धरून हसायचास. कुणाचं आडनाव त्याच्या गावावरून, कुणाचं धंद्यावरून, कुणाचं आजोबाच्या वाकड्या पायावरून. मी म्हणायचो, आमच्याकडे हेच, अगदी हेच. तुला ते इतकं आवडायचं की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगायचास.

आणि तू प्रामाणिक होतास. हे मला आज मुद्दाम म्हणायचंय. कबिला म्हणजे निव्वळ रक्त, असं मिरवणाऱ्यांपैकी तू नव्हतास. दुष्काळात एका विहिरीवर आलेले, भांडण करून पळालेले, शपथ घेऊन एकमेकांचे झालेले, असे कितीतरी लोक दोन-तीन पिढ्यांत त्याच कबिल्याचे होऊन गेले, हे तू मला शांतपणे सांगितलंस. झाडावर बायकांची नावं नसतात यावरून मी तुला टोचायचो, तर तू उलट मला विचारायचास, "खिंदिफ कोण होती? बजीला कोण होती?" बाया! अख्ख्या टोळ्यांना आयांची नावं. तुमचा वीर लढाईत उतरताना ओरडायचा तो बापाचं नाव घेऊन नाही, तर 'मी अमकीचा भाऊ' म्हणून. "मग आता झाडावर का नाहीत?" मी विचारायचो. तू दाढी कुरवाळायचास. म्हणायचास, "अबू रोहन, तू छपाईवाला आहेस, छपाई कर."

कामात मात्र तू मला घाम फोडलास. दुसऱ्यांची झाडंही लोक तुझ्याकडून तपासून घ्यायचे. तुझा नियम एकच. जे कुणी सांगितलेलं नाही, ते लिहायचं नाही. एक नवश्रीमंत गिऱ्हाईक आलं होतं, चांगलं जाडजूड अत्तर लावून. त्याला आपल्या आजोबांपासून थेट एका नामांकित पूर्वजापर्यंत फांदी हवी होती. मधली नावं ठाऊक नाहीत, तर म्हणे तुम्हीच काहीतरी बरीशी घाला. अबू तुर्की तयार होता. गिऱ्हाईक मोठं होतं. तू म्हणालास, "मधली जागा मोकळी सोड." तो म्हणाला, भिंतीवर ते बरं दिसणार नाही. तू म्हणालास, "खरं आहे, दिसणार नाही." आणि तसबिहचे मणी ओढत बसून राहिलास. तो गेला. अबू तुर्की आठवडाभर तुझ्याशी धड बोलला नाही. मला मात्र त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला.

म्हणूनच मुनीराच्या बाबतीत तुझ्याशी भांडलो. दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, यांचं हे असंच.

तुझी मुनीरा, लहान मुलांची डॉक्टर. तिच्याच हॉस्पिटलातला फार्मासिस्ट. मुलगा कसीमकडचा, शिकलेला, निर्व्यसनी, घरचं बरं. खोट एकच. ते खदीरी. म्हणजे ज्यांना आपला कबिला सांगता येत नाही असे. त्यांचे वाडवडील लाकडी दरवाजे करायचे, त्यावर रंगीत नक्षी काढायचे. सुतार, लोहार, सोनार, अशा लोकांना कबिलेवाले मुली देत नाहीत. पंक्तीला बसतात, व्यापार करतात, मैत्री करतात, मुलगी देत नाहीत. तू मला हे समजावून सांगायला लागलास तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, "बाबा, दुसरं काही सांग. हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलोय."

मग तू सुलभाबद्दल विचारलंस. ती माझ्याच कबिल्यातली का? नाही म्हटलं. मग माझ्या वडिलांनी काय केलं? मी सांगितलं, वडिलांनी रोहन होईपर्यंत आमच्या घरचं पाणी घेतलं नाही. यायचे, दारातल्या खुर्चीवर बसायचे, जायचे. नातू झाला तेव्हा आत आले आणि सुलभाला म्हणाले, "पोरी, घोटभर पाणी दे." तू हे ऐकलंस. मग म्हणालास, "तुझे वडील वाईट होते?" मी म्हटलं, "अजिबात नाही. देवमाणूस होते." तू म्हणालास, "तेच." मला तेव्हा तुझा असा राग आला होता!

"तूच सांगतोस, शपथ घेऊन माणसं कबिल्यात आली," मी म्हटलं. "मग हे का नाहीत? कुणास ठाऊक, खून करून पळालेल्या एखाद्या मोठ्या घरच्या माणसाने नाव लपवलं असेल आणि हातात रंधा घेतला असेल."

"असेलही," तू म्हणालास. "पण अबू तुर्कीच्या घरात लग्नाच्या मुली आहेत. मी माझी तिकडे दिली, तर उद्या त्यांना मागणी कोण घालेल? दिलेल्या परत पाठवल्या जातात, ठाऊक आहे तुला? माझ्या सत्याची किंमत माझ्या पुतण्यांनी का मोजावी?"

मी माऊस हातात घेतला आणि कामाला लागलो.

मुलाचे आजोबा मागणी घेऊन आले, त्या दिवसाचं तूच मला सांगितलंस. मागणी घालायला आलेला वडीलधारा माणूस कॉफीचा फिंजान हातात घेतो, पण तोंडाला लावत नाही. समोर टेकवून ठेवतो. यजमान 'तुझी कॉफी पी' म्हणाला, की मागणी मान्य. त्या आजोबांनी फिंजान टेकवला. तू म्हणालास, विचार करून सांगतो. ते आणखी थोडा वेळ बसले, तब्येतपाणी विचारलं, आणि कॉफी तशीच ठेवून निघून गेले. त्याला महिने झाले. तू काही बोललाच नाहीस. मुनीरा विचारायची नाही, फहद विचारायचा नाही, आणि मी विचारलं की तू एखाद्या जुन्या लढाईची गोष्ट काढायचास.

आणि मग तो शेवटचा दिवस, म्हणजे तू गेलास त्याच्या आदला. तू जरा दमलेला वाटत होतास. चहा अर्धाच प्यायलास. मी तुला एक नवा शजरा दाखवत होतो, तुझं लक्ष नव्हतं. अचानक म्हणालास, "त्या म्हाताऱ्याने माझ्या घरात कॉफी टेकवली आणि ती तशीच गार झाली. अबू रोहन, ते माझ्या जिवाला लागून राहिलंय." मी म्हटलं, "मग?" तू उठलास. "बघू," म्हणालास, "उद्या बोलू." काठी घेतलीस आणि गेलास. अक्षरशः एवढंच. एवढं आणि एवढंच.

तुझ्या घरी अझाला बसलो होतो, समाचाराला आलेल्यांच्या रांगेत. येणारा प्रत्येक जण ठरलेले शब्द बोलायचा, कॉफी घ्यायचा, उठायचा. फहदने मला हळूच अंगणात नेलं. डोळे लाल, दाढी वाढलेली, तुझ्यासारखाच कान खाजवत होता.

"अबू रोहन, बाबा रोज तुझ्याकडे बसायचे," तो म्हणाला. "मुनीराबद्दल काही म्हणाले का? आता तिचा वली, म्हणजे पालक, मी आहे, लग्नाला सही माझी. ते हो म्हणाले असतील तर मी काकांसमोर उभा राहीन. नाही म्हणाले असतील तर विषय संपला. पण ते काहीच बोलले नसतील, तर माझ्यात ती हिंमत नाही. काका म्हणतील, बाप गेल्याची माती सुकली नाही आणि निघाला घराण्याचं नाव बुडवायला."

मी म्हटलं, आठवून सांगतो. आठवायचं काय होतं त्यात?

घरी येऊन सुलभाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "तुला कुणी सांगितलीय नसती उठाठेव? अबू तुर्की तुझा कफील आहे. उद्या त्याने 'यल्ला, नीघ' म्हटलं तर या वयात कुठे दुसरं काम शोधत फिरणार?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"आणि तो हो म्हणालाच नाहीये."

"तेही बरोबर आहे."

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. दोन काड्या मोडल्या असतील. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांनी पाणी मागितलं ना, त्याच्या आधीच्या दिवाळीला तू घरात नव्हतास. ते दारात आले होते. मला म्हणाले, 'आज फार ऊन आहे.' मी आत जाऊन तांब्या आणला, तोवर निघून गेले होते. मला तेव्हाच कळलं होतं, हा माणूस आता पाणी घेणार." हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी फहदने मला घरी बोलावलं. अबू तुर्की बसला होता, त्याच्या हातात तुझी तसबिह. अबू फहद, मला त्याचाही राग येत नव्हता. भाऊ गेल्याने तो खचून गेला होता. तो म्हणाला, "माझा भाऊ तोलूनमापून बोलणारा माणूस. त्याने काय म्हटलं, ते शब्द सांग. तुझा अर्थ नको."

आणि मी सांगितलं. म्हटलं, "तो म्हणाला, 'ते पुढच्या वेळी आले, की त्यांना कॉफी प्यायला सांगणार आहे.'"

अबू तुर्कीने मान वर केली. वल्लाह म्हण, असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं असावं. पण मला शपथ घालणार तरी कुणाची? त्याचा अल्ला माझा नाही आणि माझे देव त्याचे नाहीत. त्याने तसबिह मुठीत आवळली. शेवटी म्हणाला, "या दुकानात इतकी वर्षं आहेस. माझ्या घरात मुली आहेत, हे तुला ठाऊक आहे." मी म्हटलं, ठाऊक आहे. तो फहदला म्हणाला, "भावाने शब्द दिला असेल तर मी आडवा येणार नाही. मी येणारही नाही." आणि उठून गेला. दुकानात अजून येतो. सलाम घेतो, कामापुरतं बोलतो, माझ्या टेबलाशी थांबत नाही. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, शाबूत आहे. त्याच्या थोरलीला बघायला येणार होते, ते आले नाहीत, असं परवा कानावर आलं. ते ऐकल्यापासून घास गोड लागत नाही.

मुलाचे आजोबा पुन्हा आले. फहदने मलाही बोलावलं होतं. त्याने ओतलं, त्यांनी फिंजान टेकवला, आणि तुझ्या पोराने किटली खाली ठेवली. मग एकदम, "तुमची कॉफी प्या, आजोबा." म्हाताऱ्याने फिंजान उचलला. प्यायले. दुसरा फिंजानही घेतला. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

लिहायला बसलो ते याच्या पुढच्यासाठी. काल दुपारी मुनीराचा फोन आला. मला अंकल म्हणते, इंग्रजीत बोलते. आवाज तुझ्यासारखाच घोगरा.

"अंकल, तुम्ही काकांना सांगितलंत ते मी आतल्या खोलीतून ऐकलं," ती म्हणाली. "त्याबद्दल तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण ते वाक्य बाबांचं नाही. पुढे काय करणार ते बाबा आधी असं कधीच सांगत नव्हते. मला त्यांचे शब्द हवेत. जे म्हणाले ते."

काय करणार होतो मी? तुझ्या भावाला सांगता आलं, तुझ्या पोराला सांगता आलं. तिला नाही सांगता आलं. तू काय म्हणालास ते शब्दाला शब्द सांगितलं. गार झालेली कॉफी, जिवाला लागलेलं, बघू, उद्या बोलू. वर काही घातलं नाही.

पलीकडून हॉस्पिटलातला गलका ऐकू येत होता, कुणाचं तरी पोर रडत होतं.

"म्हणजे हो म्हणाले नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"तुम्हाला काय वाटतं, अंकल?"

मी म्हटलं, "पोरी, मला वाटतं तो हो म्हणायला निघाला होता. वाटेत गेला."

मग ती रडली. तू गेल्यावर ती रडली नाही म्हणून तुझ्या घरच्या बायका काळजीत होत्या, असं फहद म्हणाला होता. ती फोनवर मोकळी होऊन रडली, आणि मी इकडे दुकानात पाठमोरा होऊन. नंतर नाक ओढून म्हणाली, "वाटेपर्यंत आले होते ना? मग पुढचं मी चालते. लग्नाला तुम्ही आणि सुलभा आंटी या."

येणार आहोत. सुलभाने साडीही काढून ठेवलीय. तुझ्या भावाच्या मुलींचं काय होईल, मला माहीत नाही. ते माझ्या माथी आहे, आणि राहील. पण अबू फहद, मी चुकलो असेन, तू नाहीच म्हणणार असशील, तर राग माझ्यावर काढ. हवं तेवढं बोल मला. पोरीवर रागावू नकोस.